तांब्याचा घाट

मराठी समीक्षेतला ‘घाट’ हा शब्द मुळात भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या व्यवहारातला. कासाराच्या दुकानात तांब्याचा घाट पाहिला जातो, सोनाराकडे पाटल्यांचा. समीक्षक कवितेचा आणि कादंबरीचा घाट पाहू लागला. शब्द इतका रूढ झाला, की तो ज्या वस्तूंकडून आला त्यांच्याकडे परत वळून पाहण्याची गरज समीक्षेला क्वचितच भासली. ओट्यावरची विळी, कोनाड्यातील पणती, नेसलेले लुगडे यांच्यामागे काही कल्पकता आहे, काही निर्णय आहेत आणि त्या निर्णयांची चिकित्सा करता येते, ही जाणीव आपल्याकडील सौंदर्यविचारात अगदी कडेला राहिली.

याला तात्त्विक कारणही आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी मांडणी केली, तिच्यात वस्तूच्या उपयोगाला स्थान नाही. तांब्याची अरुंद मान आणि फुगीर पोट यांतला विरोध, बसक्या बुडाने साधलेला समतोल हे सारे त्या मांडणीला टिपता येईल. परंतु मान नेमकी तेवढीच का, याचे उत्तर तिला देता येणार नाही. मान तेवढी आहे, कारण काठाखाली बोटांना पकड मिळावी लागते. विहिरीत सोडताना दोरीचा फास तेथे बसावा लागतो. चालताना पाणी हिंदकळून सांडता कामा नये, आणि तरीही आत हात घालून तळ घासता आला पाहिजे. या चार गरजा परस्परांच्या विरोधात ओढतात. त्या ओढाताणीतून निघालेली तडजोड म्हणजे ती रेषा. मर्ढेकरांच्या परिभाषेत तिला ‘विरोध’ म्हटले तरी चालेल. फक्त तो दोन आकारांमधला नसून हात आणि पाणी यांच्यामधला आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार उभा केला. तांब्यासारखी वस्तू त्या दोन ध्रुवांमधील अंतरच निरर्थक ठरवते, कारण तिच्यात लौकिक गरज वजा केली तर अलौकिक म्हणावे असे काही उरतच नाही.

या भांड्याची सर्वांत गाजलेली चिकित्सा कोणा भारतीय मीमांसकाने केलेली नाही. अमेरिकन अभिकल्पक चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर प्रवास करून १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. त्याच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. लघुउद्योगांच्या मालाचा दर्जा हा त्या अहवालाचा मूळ विषय; पण आज त्यातील स्मरणात राहिलेला भाग आहे तो लोट्याविषयीचा. भारतात पाहिलेल्या वस्तूंत ईम्स दांपत्याला लोटा बहुधा सर्वश्रेष्ठ वाटला. त्यांनी त्याचे कौतुक करून सोडून दिले नाही, तर तो नव्याने घडवायचा झाल्यास कोणते प्रश्न विचारावे लागतील याची यादीच मांडली: त्यात किती द्रव मावावा, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडावी, डोळे मिटून हाताळला तर कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर नाद कसा येतो, मोडीत काढताना त्याची किंमत काय. ही यादी म्हणजे समीक्षेचा उत्तम नमुना आहे. वस्तूची स्तुती न करता तिच्यामागचे निर्णय उलगडणे हे काम तिने केले, आणि लोटा कोणा एका माणसाने घडवला नाही, तो पिढ्यानपिढ्या घडत गेला, हेही ओळखले.

त्या यादीत धातूवरच्या हाताचा विचार मात्र कमी पडतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम नावाची रीत आहे. पत्र्यापासून भांडे उठवल्यावर तांबट त्यावर हातोडीने ओळीने ठोके देत जातो आणि लखलखणाऱ्या ठिपक्यांची जाळी उमटते. पाहणारा तिला नक्षी समजतो. वास्तविक ठोक्यांनी धातू कठीण होतो, पातळ पत्र्याला ताठरपणा येतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. अलंकार येथे बाहेरून लावलेला नाही. कृतीची खूण तशीच राहू दिली आहे. अलंकार हा काव्याचा बाह्य दागिना की काव्याचा प्राण, या वादावर आपल्या साहित्यशास्त्राने शतके खर्च केली. तांबटाच्या हातोडीला तो वाद कळला नसता.

ईम्स यांच्या यादीतील खरी उणीव याहून गंभीर आहे. भांडे कोणाच्या हाताने उचलायचे आणि कोणी त्याला शिवायचे नाही, हा प्रश्न तिच्यात नाही. या देशात तो पकडीच्या आणि वजनाच्या प्रश्नांइतकाच मूलभूत होता. धातूचे भांडे राखेने घासून, आगीत तापवून ‘शुद्ध’ होते, मातीचे होत नाही, या समजुतीने पितळ आणि माती यांची प्रतिष्ठा ठरवली. ओंजळीत वरून पाणी घालण्याची रीत पडली ती केवळ धार सुबक पडते म्हणून नव्हे; ओतणारा आणि पिणारा यांच्यात अंतर राहावे म्हणूनही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घ्यावे लागले, यामागे भांड्यांचा आणि पाण्याचा हाच इतिहास उभा आहे. परदेशी पाहुण्यांना हे दिसले नाही, याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांचा अहवाल पुढे आदराने उद्धृत करणाऱ्यांनीही तो प्रश्न सहसा यादीत घातला नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

वस्तूच्या कर्त्याला ‘अनामिक’ म्हणण्याची जी हळवी प्रथा पडली आहे, तिलाही येथेच तपासावे लागते. आनंद कुमारस्वामींनी भारतीय कारागिराच्या निनावीपणात अहंकाराचा विलय पाहिला. त्या विचाराचे मोल आहेच. कला आणि कारागिरी यांतली पाश्चात्त्य भिंत त्यांनी ठामपणे नाकारली. परंतु गावगाड्यातील कुंभार, सुतार, लोहार यांचे नाव वस्तूवर नसे, याचे कारण अध्यात्माइतकेच बलुत्याच्या व्यवस्थेतही शोधावे लागेल. वर्षाकाठी धान्याच्या वाट्यावर काम करणाऱ्याची वस्तू विकली जात नसे, म्हणून तिला सहीही लागत नसे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचलेल्या वाचकाला निनावीपणाचे गौरवीकरण तितक्या सहजपणे मान्य होणार नाही.

दैनंदिन वस्तूंकडे पाहण्याची महाराष्ट्रातील सर्वांत चिवट साधना एका कवीची आहे, ही साहित्याच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या, कुलपे, दरवाजे गोळा करीत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे सुमारे २० हजार वस्तूंचा तो संग्रह. संग्रहालये राजांच्या तलवारी जपतात. केळकरांनी सुपारी कातरणाऱ्या पात्याला तीच प्रतिष्ठा दिली. वज्री ही टाच घासण्याची वस्तू, तिची खालची बाजू खरखरीत असली की काम भागते. तरी तिच्या वरच्या बाजूला मोर आणि हत्ती बसवणाऱ्याला काय साधायचे होते, हा प्रश्न तेथील प्रेक्षकाला पडतो. मूठ हवी, म्हणून मोर. मूठ मोराचीच हवी, ही मात्र गरज नव्हे. उपयोगाने जेथे थांबायचे तेथे कल्पकता थोडी पुढे गेली, आणि तो थोडासा पुढावाच केळकरांच्या नजरेने हेरला.

तथापि काचेच्या कपाटात गेलेली वस्तू अर्धी होते. विळीचेच पाहावे. सुरीमध्ये पाते फिरते आणि भाजी स्थिर राहते. विळीत पाते स्थिर आणि भाजी फिरते. पाट पायाखाली दाबला, की दोन्ही हात मोकळे. पात्याच्या टोकाला खवणी, म्हणजे नारळासाठी वेगळे अवजार नको. ही सारी रचना जमिनीवर बसलेल्या देहाला धरून आहे. स्वयंपाकघर उभ्याचे झाले आणि विळी गेली, अथवा ओट्यावर चढून अवघडली. तेव्हा वस्तूचा घाट हा खरे म्हणजे एका बसण्याचा घाट असतो, आणि संग्रहालयाला बसणे जपता येत नाही.

वस्त्राच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. नऊवारी लुगडे विणकराकडून येते तेव्हा ते एक लांब पट्टा असते, त्याला कोणताही आकार नसतो. निऱ्या, कासोटा, पदर ही त्याची रचना नेसणारीच्या हातांत आहे आणि रोज नव्याने होते. चिखलात उतरणारी शेतकरीण, गुडघ्याशी आवळून नेसणारी कोळीण आणि घोळदार नेसणारी वाड्यातली बाई यांचे वस्त्र तत्त्वतः एकच. सहा वारांची गोल साडी रूढ झाल्यावर ही विद्या ओसरली. शांताल बुलाँजे या फ्रेंच अभ्यासिकेने भारतातील नेसण्याच्या पद्धतींची सचित्र नोंद १९९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील अनेक पद्धती फक्त वृद्धांनाच येत होत्या. आज लग्नसमारंभांसाठी शिवलेली, घालताच तयार होणारी नऊवारी मिळते. तिच्यात निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. आकृती जशीच्या तशी राहते आणि रचना नाहीशी होते. साहित्यात वृत्त शाबूत ठेवून कविता गमावणाऱ्या रचनांशी याचे साम्य आहे.

वास्तूंविषयी येथे थोडक्यातच सांगायचे. बर्नार्ड रुडॉफ्स्कीने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुविशारदांविना उभ्या राहिलेल्या वास्तूंचे प्रदर्शन भरवले आणि जगाचे लक्ष अशा घरांकडे गेले. त्याची छायाचित्रे देखणी होती, एवढेच त्यांचे सामर्थ्य आणि तीच मर्यादा. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी मात्र पाहिलेले वापरले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची, म्हणजे विटा कमी लागतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. खिडकीच्या चौकटीऐवजी विटांचीच जाळी करायची. तिरुवनंतपुरमचे विकास अध्ययन केंद्र असे उभे आहे. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत कोनाडा फुकटात मिळे. भिंत पातळ झाल्यावर कोनाड्याच्या जागी कपाट विकत घ्यावे लागले, हा हिशेब बेकरांना ताबडतोब समजला असता.

साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वांत जवळची वस्तू जाते. खालची तळी स्थिर, वरची खुंट्याने फिरणारी, मध्ये खीळ, आणि वैरण घालायला तोंड. जड दगड, म्हणून समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात एकाच खुंट्यावर. फेरा पूर्ण व्हायला ठरावीक वेळ लागतो आणि ओवीचे चरण त्या वेळेत बसतात. छंदःशास्त्राने ओवीला सैल, अनियमित छंद ठरवले; दगडाचा फेरा मोजमापात धरला, तर तो सैलपणा वेगळा दिसू लागतो. अक्षरे कमीजास्त होतात, पण फेरा चुकत नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतील पुष्कळ ओव्या ज्या बायकांनी सांगितल्या, त्यांच्या घरी तोवर पीठ गिरणीतून येऊ लागले होते, आणि आठवण लागावी म्हणून काहीजणींना पुन्हा जात्यापाशी जाऊन बसावे लागले.