पोलॅकचं बारसं

एप्रिल २००९ मध्ये ब्रिटनमधल्या 'सेन्सबरीज' या सुपरमार्केट साखळीने 'पोलॅक' नावाचा मासा 'कोलँ' म्हणून विकायला काढला. कारण सांगितलं ते असं, की ग्राहकांना 'पोलॅक' मागायला लाज वाटते. (वृषणांवरून आलेल्या एका इंग्रजी शिवीच्या फार जवळ जातो तो उच्चार.) कोलँ हा फ्रेंच शब्द, पण त्याचं स्पेलिंग हुबेहूब 'कॉलिन'. आणि कॉलिन म्हणजे तिकडचा आपला सुरेश किंवा रमेश. मग काय, वर्तमानपत्रांना आयतं खाद्यच मिळालं.

विनोद म्हणून हे चांगलंच आहे. झाकायला घातलेलं नाव झाकलेल्या गोष्टीकडेच बोट दाखवतं, यात ती गंमत आहे. त्याच वर्षी वेल्समधल्या फ्लिंटशर कौन्सिलच्या कँटीनमध्ये मनुका घातलेल्या 'स्पॉटेड डिक' या पुडिंगचं 'स्पॉटेड रिचर्ड' झालं होतं. डिक हे रिचर्डचंच लाडाचं नाव, शिवाय पुरुषाच्या अवयवाचं बोलीतलं नाव. म्हणजे लाज लपली नाहीच, उलट तिला पाळण्यातलं नाव मिळालं! पुढे जुनं नाव परत आलं.

माझी तक्रार वेगळी आहे. लाजाळू गिऱ्हाइकाला सगळे हसले, पण ते गिऱ्हाईक खरंच लाजतं का, हे त्या विनोदांना विचारावंसं वाटलं नाही. कंपनीचं गृहीतक विनोदाने जसंच्या तसं गिळलं आणि वर फुकट जाहिरातही केली.

आता रिसर्च प्रपोजल वाचतोय असं समजून बघा. दावा असा आहे: नावामुळे लाज, लाजेमुळे विक्री कमी. पण ब्रिटिश माणसाला पिढ्यान्‌पिढ्या कॉडची सवय. पोलॅक कमी खपत असेल तर तो अनोळखी आहे, एवढंही कारण पुरतं. त्यात नावाबरोबर पाकीटही बदललं. डिझायनर वेन हेमिंग्वे यांनी ते चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या शैलीत केलं (हा श्लेष मात्र मला मनापासून आवडला). वर बातम्यांचा गाजावाजा. उद्या विक्री वाढली तर श्रेय कोणाला देणार?

अर्ध्या दुकानांत जुनं नाव आणि अर्ध्यांत नवं, पाकीट आणि किंमत तीच, हा झाला सरळ प्रयोग. पण त्याहून धारदार प्रश्न आहे. लाज वाटायला तोंडाने मागावं लागतं. काउंटरवर मासा मागावा लागतो, फ्रीजमधलं पाकीट गुपचूप उचलता येतं. लाजेचं गृहीतक खरं असेल तर नाव बदलल्याचा परिणाम काउंटरवर ठळक दिसायला हवा, पाकिटांवर अगदी थोडा. दोन्हीकडे सारखाच दिसला, तर लाज सोडून दुसरं काहीतरी शोधा. असं भाकीत आपल्या गृहीतकातून काढता येत नसेल तर गाइड पहिल्याच मीटिंगला पकडतात.

आपल्याकडे 'पादेलोण' आहेच. नाव ऐकून पोरं अजून खिदळतात, आणि पाकिटावर बहुतेकदा 'काळं मीठ' छापलेलं असतं. लाजेमुळे? असेलही. पण देशभर विकणाऱ्या कंपनीला हिंदीतल्या 'काला नमक'चं शब्दशः भाषांतर सोयीचं पडतं, हेही तितकंच पटण्यासारखं आहे. नुसतं पाकीट बघून यातलं कुठलं खरं ते ठरत नाही.

आणि हसण्याच्या नादात एक गोष्ट पार सुटली. ती जीवशास्त्रातली आहे. पोलॅक म्हणजे पोलाकियस पोलाकियस, एकच जाती. फ्रेंच बाजारात 'कोलँ' मात्र हेकसकट अनेक माशांना म्हणतात. कॉडवरचा ताण कमी व्हावा म्हणून पर्यायी मासा पुढे करायचा आणि त्याला असं सैल नाव द्यायचं, हे मला शिवीपेक्षा जास्त खटकतं. नावाने बाजार फिरतो याचं जुनं उदाहरण म्हणजे पॅटागोनियन टूथफिश. १९७७ मध्ये ली लँट्झ या अमेरिकन व्यापाऱ्याने त्याला 'चिलियन सी बास' म्हणायला सुरुवात केली. तो बास नव्हेच. पण हॉटेलांत इतका चालला, की २००२ मध्ये तो मेनूवरून काढा म्हणून अमेरिकेत मोहीम निघाली.

पोलॅकचं पुढे काय झालं? २०२३ मध्ये आइसीईएस या सागरी संशोधन संस्थेने ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या समुद्रातल्या पोलॅकसाठी २०२४ ची शिफारस दिली: पकड शून्य. लगेच 'नाव बदललं म्हणून मासा संपला' असं लिहू नका हं. मधल्या चौदा वर्षांत त्या समुद्रात काय काय बदललं, ते आधी बघावं लागेल.