इरले, घोंगडी आणि ‘श्वास घेणारे’ कापड

गिरिभ्रमणाच्या पोशाखासंबंधी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात ‘नवनिर्मिती’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कापड नवे असले की पोशाख नवा, आणि पोशाख नवा असला की तो अधिक चांगला, असे दोन सिद्धांत त्यामागे गृहीत असतात. पहिला वादापुरता मान्य करता येईल. दुसऱ्याची परीक्षा मात्र ज्या भूमीवर तो पोशाख वापरावयाचा, त्या भूमीवरच झाली पाहिजे. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे डोंगरी तालुके (यांपैकी वेल्ह्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला) अशा परीक्षेस विशेष सोयीचे आहेत. आषाढात राजगड, तोरणा आणि रायरेश्वर यांच्या वाटांवर रंगीबेरंगी जाकिटे चढत असतात, आणि त्याच पावसात पायथ्याच्या खाचरांतून भाताची लावणी चालू असते. एकाच पावसाला दिलेली दोन उत्तरे येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

आधुनिक जाकिटाचा इतिहास थोडक्यात असा. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचे द्रव्य झटक्याने ताणून त्याचे सूक्ष्मरंध्री पापुद्र्यात रूपांतर केले, आणि १९७६ च्या सुमारास ‘गोरटेक्स’ची जाकिटे बाजारात आली. पापुद्र्याचे रंध्र पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान, परंतु बाष्पाच्या रेणूहून मोठे असते. म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. शोध खरा आहे आणि हिमप्रदेशात त्याने गिर्यारोहकांचे मोठे हित केले, यात शंका नाही. कापड ‘श्वास घेते’ हा जाहिरातीचा अलंकार मात्र दिशाभूल करणारा आहे. कापड काहीच करीत नाही. बाष्पदाब आत अधिक आणि बाहेर कमी असेल, तर वाफ आपोआप बाहेर पडते, एवढेच.

सारा प्रश्न या ‘असेल, तर’मध्ये आहे. बाष्प जाऊ देण्याचा कापडाचा गुण मोजण्यासाठी ‘आयएसओ ११०९२’ ही आंतरराष्ट्रीय कसोटी प्रचलित आहे. तीत ओलसर पट्टिका ३५ अंश सेल्सिअसवर ठेवतात. भोवतालची हवाही ३५ अंशांची, परंतु आर्द्रता अवघी ४० टक्के. त्यामुळे कापडाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ३.४ किलोपास्कल इतका बाष्पदाबाचा फरक मिळतो. आता तोरण्याच्या झुंजार माचीवर श्रावणातील एक दुपार घ्यावी. हवा २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरू. पावसाने थंड झालेल्या जाकिटाचे कापडही जवळजवळ २४ अंशांवरच असते. त्याच्या आतल्या पृष्ठावर बाष्पदाब ३ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. त्याहून अधिक झालेली वाफ तिथेच थेंब होऊन बसते. बाहेर तो सुमारे २.८५ असतो. म्हणजे कापडाच्या आरपार उरणारा फरक ०.१५ किलोपास्कल, कसोटीतल्या फरकाचा विसावा हिस्साही नव्हे. अंगाच्या उबेने कापड थोडे तापते, त्या मानाने हिशेब थोडा सैल करावा लागेल. पण निष्कर्ष बदलत नाही. चढताना घामाने भिजलेल्या माणसाला जाकीट आतून ‘गळते’ असे वाटते, ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे. कसोटी खोटी नाही. ती दुसऱ्या हवेची आहे. आणि उत्पादकांनाही हे ठाऊक असावे, अन्यथा जाकिटाच्या काखेत वारा घेण्यासाठी चेन बसविण्याचे कारण काय?

घोंगडीचा न्याय निराळा आहे. दख्खनी मेंढीची भरड लोकर, सणगरांच्या खड्ड्याच्या मागावरील वीण आणि वर चिंचोक्याची खळ यांमुळे ती ताठ राहते आणि पावसाचे पाणी बरेचसे वरच्यावर निथळते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत शोषून घेते, तरी स्पर्शास ओली लागत नाही; शोषताना थोडी उष्णताही देते. पॉलिएस्टर एक टक्काही शोषीत नाही. म्हणून घोंगडीची खोळ घेऊन कड्याच्या आडोशाला गुरे राखीत उभा असलेला माणूस सुखी असतो. पण हीच घोंगडी पाठीवर घेऊन रोहिड्याची उभी वाट चढू लागणाऱ्यास तिच्या वजनाचा अर्थ लवकरच कळेल. तिचे गुणगान करताना हे वगळणे हा रोमँटिक दोष होय, आणि तो मराठी दुर्गप्रेमी लेखनात विरळा नाही.

इरले याहूनही चिकित्सेस पात्र आहे. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पळसाची पाने दाबून केलेले हे टोपण वाकलेल्या पाठीसाठीच घडविलेले आहे. ते अंगाला चिकटत नाही, दोन्ही हात मोकळे ठेवते, आणि खालून पूर्ण उघडे असल्याने वाफेचा प्रश्नच उरत नाही. ताठ उभे राहिले की त्याची उपयुक्तता घटते. संजीवनी माचीवरच्या वाऱ्यात तर ते हातचे जाईल. पुढे पानांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली, घोंगडीची जागा खताच्या रिकाम्या गोणीने. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की खोळ तयार होते. द्रव्य बदलले, घाट कायम राहिला. हा बदल कोणत्याही प्रयोगशाळेने केला नाही, आणि ‘नवनिर्मिती’च्या कोणत्याही इतिहासात त्याची नोंद सापडत नाही. तो करणाऱ्यांस पेटंट ठाऊक नव्हते; गोण मात्र फुकट होती.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो : लावणी करणारी स्त्री आणि गड चढणारा विद्यार्थी यांची कामेच भिन्न, मग तुलना कशी? आक्षेप रास्त आहे, आणि त्यातच या परीक्षणाचा मुद्दा आहे. पोशाखाची किंमत द्रव्यावरून नव्हे, तर हवा, देहाची ठेवण आणि श्रमाची गती या तिहींवरून ठरवावी लागते. त्या दृष्टीने सह्याद्रीच्या पावसात चालणाऱ्यास पातळ, लवकर वाळणारा सदरा आणि थांबल्यावर पांघरावयास कोरडे लोकरी वस्त्र हे महागड्या पापुद्र्याहून अधिक उपयोगी ठरण्याचा संभव आहे. तसे वस्त्र देणारी दख्खनी लोकर मात्र आज अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही भरून काढीत नाही, आणि मेंढपाळ मांसासाठी वाढणाऱ्या जातींकडे वळत आहेत.