हयातीचा दाखला

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असत. दर्शनी बाजूवर कंपनीला खपवायचं असलेलं गाणं. आणि मागची बाजू कोरी कशाला ठेवा, म्हणून तिथे आणखी एक. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' १९७८ साली असंच मागच्या बाजूला आलं. दर्शनी गाण्याचं नाव होतं 'सब्स्टिट्यूट', म्हणजे बदली कामगार! बदलीवाला खुर्चीत आणि लायक माणूस मागच्या टेबलावर, हा प्रकार आम्हा बँकवाल्यांना नवा नाही. पण नाचघरांत तबकड्या वाजवणाऱ्यांनी ती उलटी करून लावली, आणि मार्च १९७९ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

गाण्याची गोष्ट साधीच. टाकून गेलेला प्रियकर परत येतो आणि एकेकाळी भेदरलेली बाई त्याला दार दाखवते. चालही तशीच. स्वरांची एकच रांग भजनाच्या ठेक्यासारखी शेवटपर्यंत फिरत राहते. जाणकारांनी नाक मुरडावं इतकी सोपी. मग देशोदेशीचे समलिंगी लोक चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे गाणं राष्ट्रगीतासारखं का मानतात?

माझ्या मते सगळं मर्म त्या दारात आहे. यांतल्या कित्येकांना घरच्यांनीच दार दाखवलेलं असतं. बापाचा आवाज चढलेला, आई पदराआड, आणि 'लोक काय म्हणतील' हे आपलं अखिल भारतीय पालुपद. गाणं चालू असेपर्यंत मात्र बाजू उलटते. दार यांचं, कडी यांच्या हातात, आणि कुणाला आत घ्यायचं ते हे ठरवणार!

"पण बाईचं गाणं पुरुषांनी कसं म्हणायचं हो?" असं आमचे एक सहकारी विचारतात. अहो, ज्ञानोबांच्या विराण्या कुणाच्या तोंडी आहेत? भजनात झुपकेदार मिशांचे बाप्ये नाथांची गौळण म्हणतात, तेव्हा कुणी आधारकार्ड मागतं का? दुःख आपलं वाटलं की गाणं आपलं.

शिवाय या गाण्यातलं दुःख उसनं नव्हतं. लिहिणाऱ्या दोघांपैकी डिनो फेकारिसला 'मोटाउन' कंपनीनं नारळ दिलेला. गेनरबाई रंगमंचावर पडलेल्या. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टा बांधून त्या हे गायल्या. पुढे १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या मैदानात डिस्कोद्वेष्ट्यांनी सुरुंग लावून तबकड्या उडवल्या. १९८० साली डिस्कोसाठीचं ग्रॅमी या गाण्याला मिळालं आणि लगेच ते पारितोषिकच बंद झालं. डिस्को गेला, गाणं राहिलं. मग एड्स आला. नाचणारे मित्र एकेक करून गेले, आणि 'मी तग धरीन' ही प्रेमभंगातली ऐट उरली नाही; तो अक्षरशः जगण्यामरण्याचा प्रश्न झाला.

शनिवारी मुंबई-गोवा रस्त्यावर आमच्या माणगावात अडकलेला माणूसही तग धरणं म्हणजे काय ते जाणतो. पण त्याला निदान पुढे घर असतं.

नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर धडधडीत उभा असलेला माणूस जिवंत असल्याचं आम्ही कागदावर मान्य करतो. समलिंगींना असा कागद आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला दिला. तोवर त्यांचं प्रेम हा कायद्यानं गुन्हा होता. गाण्यानं मात्र तो दाखला चाळीस वर्षं आधीच दिला होता. साक्षीदार नको, शिक्का नको. ज्याचा त्यानं म्हणायचा, आणि तोही नाचत.