कागदी खांब, कापडी पडदा

जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांचे नाव आपल्या वाचकांपैकी काहींना कोबेच्या ‘कागदी चर्च’मुळे परिचित असेल. जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत ताकातोरीचे कॅथलिक चर्च जळून गेले. तेथे कागदाच्या नळ्यांचे चर्च उभारू, असे बान यांनी सुचविले, तेव्हा आगीनंतर कागद घेऊन आलेल्या या गृहस्थाच्या शहाणपणाविषयी तेथील फादरांना शंका आली. ही हकिकत बान स्वतःच सांगतात. पुढे १६० स्वयंसेवकांनी ५८ नळ्यांचे ते चर्च उभे केले आणि ते दहा वर्षे टिकले.

या चर्चची छायाचित्रे जगभर गेली. आम्हांला मात्र बान यांचे अधिक मोलाचे काम दुसरेच वाटते. मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात अशी तिहेरी आपत्ती कोसळली. हजारो माणसे शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर अंथरूण टाकून राहिली. बान यांनी तेथे कागदी नळ्यांची चौकट उभारून तिला पांढरे पडदे लावले. प्रत्येक खण दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. पन्नासांहून अधिक निवाऱ्यांत असे सुमारे १८०० खण झाले. कपडे बदलणाऱ्या मुलीला, तान्ह्याला पाजणाऱ्या आईला या पडद्याचे मोल कोणी समजावून सांगायला नको. काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना तो नको होता. उघड्या दालनातील माणसांवर देखरेख ठेवणे सोपे जाते!

तरीही अणुअपघाताच्या कसोटीवर ही रचना अपुरी पडते. भूकंपाने घर पडते, पण ते पुन्हा बांधता येते. फुकुशिमात कित्येकांची घरे जागच्या जागी उभी होती आणि त्यांत पाऊल टाकण्याची मनाई होती. दीड लाखाहून अधिक माणसे घराबाहेर पडली. परतीचा दिवस त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते. फुताबा गावाचे रहिवासी साइतामा प्रांतातील काझो येथे एका बंद पडलेल्या शाळेत गेले. तो निवारा डिसेंबर २०१३ मध्ये रिकामा झाला. आत्सुशी फुनाहाशी यांच्या ‘न्यूक्लियर नेशन’ (२०१२) या माहितीपटात हे लोक वर्गखोल्यांत राहताना आणि डब्यातले तयार अन्न खाताना दिसतात. फुकुशिमा प्रांतात विस्थापनाच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू २३०० हून अधिक नोंदले गेले. भूकंप आणि त्सुनामीने तेथे थेट घेतलेल्या बळींपेक्षा हा आकडा मोठा आहे.

आमचा आक्षेप असा, की पडद्याच्या रचनेचे माप एक कुटुंब आहे. काही आठवड्यांसाठी ते माप पुरे; वर्षांसाठी माप आळीचे हवे. शेजार कोणता, चूल कोठे, रिकामे हात दिवसभर काय करणार, हे सारे आराखड्यातच यावे लागते. कोबेत तात्पुरती घरे सोडतीने वाटली गेल्याने जुने शेजार तुटले आणि कित्येक वृद्ध बंद दाराआड एकटेच मरून गेले. घर होते, छप्परही होते.

ही जाण बान यांना नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी त्यांनी ओनागावा येथे त्सुनामीग्रस्तांसाठी मालवाहू कंटेनर एकावर एक रचून तीन मजल्यांपर्यंतची वसाहत बांधली आणि मधल्या मोकळ्या जागेत बाजाराचा मांडव घातला. (याच ओनागावात अणुवीज केंद्र आहे आणि त्सुनामीनंतर तीनशेहून अधिक गावकऱ्यांनी त्या केंद्राच्याच आवारात आसरा घेतला होता.) बाजाराचा हा मांडव आम्हांला कागदी चर्चइतकाच सुंदर वाटतो.

आपल्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. वसई-पालघरकडच्या माणसांसाठी कोणी कधी असा आराखडा काढलाच, तर भिंती कशाच्या आहेत हे आम्ही मागाहून पाहू. आधी पाहू, ते त्यात चूल कोठे दाखविली आहे.