एक तळ, दोन चुली

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाच्या आवडीचा आहे. विलायतेची, अमेरिकेची, जपानची वर्णने आपण हौसेने वाचत आलो. परंतु अनेक माणसांनी मिळून अनेक दिवस केलेला प्रवास, रात्री माळावर पडलेला तळ, सकाळी पुन्हा उचललेले सामान, या अनुभवाचे कसदार लेखन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. असा प्रवास महाराष्ट्रात दर आषाढात लाखो माणसे करतात; म्हणूनच या उणिवेचे आम्हांस नवल वाटते. जे थोडके लेखन आहे त्यातील दोन कृतींचा विचार येथे करावयाचा आहे. एक, इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख; दुसरी, दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक.

निमित्त घरगुतीच घडले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात असतो. तेथील अंतर्भागातील तांबड्या वाळवंटातून त्याने काही दिवसांचा सामुदायिक प्रवास केला आणि छायाचित्रे घरी पाठविली. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून उलुरू नावाच्या प्रचंड शिळेपर्यंत रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर. एका दणकट गाडीत कोठून कोठून आलेली अनोळखी माणसे. रात्री जाड कापडाच्या गुंडाळीत उघड्यावर झोप. स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने. हे सारे ऐकून त्या घरातील आजी म्हणाल्या, "म्हणजे वारीच की हो, फादर."

आजींचे म्हणणे आम्ही तेथे हसून सोडून दिले. मागाहून मात्र ते मनात घोळत राहिले. त्या वाळवंटातील तळावर सर्वांना एकच ताट मिळते, कारण सर्वांनी एकच रक्कम भरलेली असते. तेथील समता तिकिटाची आहे आणि तिकिटाबरोबर ती संपते. वारीतील समता संतांनी शिकविलेली आहे. मग ती मुक्कामानंतर टिकते काय? किंबहुना, मुक्कामावर तरी ती असते काय? उपरोक्त दोन लेखकांकडे आम्ही पुन्हा वळलो ते हा प्रश्न घेऊन.

आमच्या देगलूर परिसरात हा विषय परका नाही. देगलूरकर घराण्यामुळे या गावाचे नाव वारकरी जगात सर्वतोमुखी आहे. गुंडा महाराजांचे चक्रीभजन आणि धुंडा महाराजांची प्रवचने यांचा उल्लेख येथील वृद्ध मंडळी अजूनही आदराने करतात. आषाढ जवळ आला की या मुलखातूनही माणसे पंढरीची वाट धरतात. आपल्या शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्याच भाषेतील उत्तम लेखनातून समजून घेणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

प्रथम मोकाशी. दिगंबर बाळकृष्ण मोकाशी हे मूळ कथाकार. उदरनिर्वाहासाठी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारे. 'पालखी' वाचताना हा व्यवसाय आम्हांस वारंवार आठवतो. यंत्राचे झाकण उघडून आत काय चालले आहे ते शांतपणे पाहणाऱ्या माणसाची दृष्टी येथे आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसमवेत आळंदीहून पंढरपूरपर्यंत ते चालले. लेखनाचा क्रम वाटेचाच क्रम आहे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही नावे ज्यांच्या पायांना ठाऊक आहेत त्यांना हा क्रम किती स्वाभाविक आहे ते सांगावयास नको.

या सोहळ्याची व्यवस्था हे एक आश्चर्यच आहे. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात त्यास आजचे रूप दिले. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींचा अश्व आणि तंबू येण्याचा परिपाठ तेव्हापासूनचा. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला. प्रत्येक दिंडीचा विणेकरी, टाळकरी, पखवाजी. जेवणाखाण्यासाठी भरावयाची भिशी. पुढे धावणारी सामानाची वाहने. मुक्कामी पोचण्याच्या आत उभ्या राहिलेल्या राहुट्या. सायंकाळच्या समाजआरतीस चोपदाराने दंड उंच केला की सारा समुदाय स्तब्ध होतो; ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात आणि तिचे गाऱ्हाणे सर्वांदेखत ऐकले जाते. आमच्या मते ही प्रथा अत्यंत बोधप्रद आहे. तक्रार करणाऱ्याला बोलण्याची जागा उपासनेच्या मध्यभागी दिलेली आहे. आमच्यापैकी किती धर्मग्रामांत अशी जागा आहे?

मोकाशी हे जग भक्त म्हणून पाहत नाहीत. चालणाऱ्या माणसांना ते प्रश्न विचारतात, त्यांच्या घरची, शेतीची हकिकत ऐकतात आणि आपल्या मनातील शंकाही लपवीत नाहीत. श्रद्धेचे सोंग न आणता श्रद्धेविषयी आदराने लिहिणे कठीण असते. ते त्यांना साधले आहे. त्यांची भाषा साधी आहे, अलंकाराच्या मोहात ती सापडत नाही. फिलिप एंगब्लॉम यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले व ते १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. परदेशी अभ्यासकांना वारीची ओळख करून देण्यात त्या भाषांतराचा वाटा मोठा आहे.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. मोकाशी सर्वांजवळ जातात आणि कोणाजवळही थांबत नाहीत. एका मुक्कामावर भेटलेला माणूस पुढच्या मुक्कामावर मागे पडतो. निरीक्षकाचे हे बंधन आहे हे आम्ही जाणतो. परंतु तळावर राहणे आणि तळ पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'पालखी' वाचून वारी समजते. वारीने लेखकाकडून काय मागितले आणि त्याने काय दिले, याचे उत्तर मात्र मिळत नाही.

ते उत्तर 'वाटचाल' या छोट्या लेखात आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, पाहणे आणि नोंदणे हा त्यांचाही व्यवसाय. परंतु येथे त्यांची पाहण्याची रीत मध्येच मोडते. त्या ज्या दिंडीत होत्या तिच्यात ब्राह्मण आणि मराठा असे दोन गट होते. वाट एक, अभंग एक, मुक्काम एक. मात्र चुली दोन आणि पंक्ती दोन. सगळेच स्वच्छ, सगळेच स्नान करून जेवणारे; मग हा वेगळेपणा कशासाठी, असे त्या स्वतःला विचारतात. बरोबर चालणे, बरोबर गाणे हे सारे परलोकातील ऐक्यासाठीच आहे काय आणि इहलोकी भेद तसाच ठेवावयाचा काय, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय आहे.

त्यांचा मोठेपणा असा की, हा प्रश्न त्यांनी घरी परतल्यावर लेखात घालण्यासाठी राखून ठेवला नाही. त्या उठल्या आणि मराठा बायकांच्या पंक्तीस जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या, हात हातात घेऊन आपली सुखदुःखे सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असेही काहींनी म्हटले. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले की, आता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना? हा साधा प्रश्न आपल्या वर्मी लागल्याचे बाई नमूद करतात.

संपूर्ण मराठी प्रवासवाङ्मयात याहून मोलाचा प्रश्न आमच्या वाचनात आलेला नाही. आम्हांस विशेष भावते ते हे की, लेखिकेने त्याचे गोड उत्तर रचले नाही. विदुषीला आपल्या घराचे दार आठवले असेल, आणि ते दार त्या मुलीसाठी किती उघडेल याची तिला खात्री नसावी. दुसरा लेखक असता तर या ठिकाणी दोन उदात्त वाक्ये लिहून मोकळा झाला असता.

हा लेख ज्या संग्रहात आहे तो १९४९ सालचा, हे लक्षात घेतले पाहिजे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. तोवर शेकडो मैल चालून आलेल्या काही पावलांना शेवटच्या पायऱ्या बंद होत्या. चोखोबांची समाधी मंदिराच्या बाहेर, महाद्वारासमोर आहे. परस्परांच्या पाया पडणाऱ्या संप्रदायात हे घडत होते. आम्ही हे कोणाला हिणविण्यासाठी लिहीत नाही. आमचा हिशेब पुढे येतोच आहे.

'वाटचाल' मधील एका विधानाशी मात्र आम्हांस वाद घालावयाचा आहे. ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या आपल्याला सापडल्याचे बाई सांगतात. व्याख्या सुंदर आहे आणि म्हणूनच ती वारंवार उद्धृत होते. परंतु देगलूरच्या बाजारात उभे राहून ती तपासून पाहावी. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानी पडते. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. पंढरीला कर्नाटकातूनही भाविक जातात. विठ्ठलाला कानडा म्हणणारे संत आपलेच. तेव्हा ही व्याख्या एकीकडे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर सांडते. दुसरीकडे ती अपुरी पडते. पंढरीला न जाणारे, पण मराठीतच जन्मणारे, रडणारे आणि प्रार्थना करणारे आम्ही कोण? फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून मराठीची थोरवी गायिली ती कोणत्या प्रदेशाच्या नावे जमा करावयाची? २०२० च्या जानेवारीत आमच्याच मराठवाड्यात, उस्मानाबाद येथे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. फादर २०२४ साली निवर्तले. परंतु त्या मांडवात या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले होते असे आम्ही मानतो. हरेगावच्या यात्रेस जाणारा आमचा भाविक मरियेला मतमाउली म्हणतो. आळंदीहून निघणारा वारकरी ज्ञानदेवांना माउली म्हणतो. शब्द एकच आहे, आणि तो कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही. तो दोघांच्या आईचा आहे.

आता आमचा हिशेब. काही वर्षांपूर्वी आम्ही भाविकांना घेऊन एका तीर्थयात्रेस गेलो होतो. तीन रात्री तंबूत काढावयाच्या होत्या. वाटेत माळेची प्रार्थना सर्वांनी एका सुरात म्हटली, गीते गायिली. पहिल्या रात्री तळावर आम्ही सहज फेरी मारली, तो दोन चुली पेटलेल्या दिसल्या. कारण विचारले तेव्हा कोणी म्हणाले, तिखटाचे प्रमाण जमत नाही. कोणी म्हणाले, भांडी अपुरी आहेत. खरे कारण आम्हांस ठाऊक होते. कोणत्या आजोबांनी कोणत्या वस्तीतून येऊन बाप्तिस्मा घेतला, हे तिसऱ्या पिढीलाही पाठ होते. आम्ही दोन्ही चुलींवरचा घास घेतला, दोन्हीकडे कौतुक केले आणि आपल्या तंबूत जाऊन झोपलो. सकाळी ख्रिस्तयागात त्याच हातांनी एक भाकर मोडून सर्वांना वाटली. इरावतीबाईंनी जे केले ते आम्ही केले नाही. आम्ही मोकाशींप्रमाणे पाहिले. त्यांच्याप्रमाणे प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले नाही.

सेमिनरीत आम्हांस शिकविले होते की, शब्द देही झाला असे जेथे योहान सांगतो तेथे मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणे असा आहे. देवाने आमच्या तळावर आपली राहुटी उभी केली, असा तो भाव. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस जी कडक ताकीद दिली तीही जेवणावरूनच. प्रभूच्या भोजनास जमून एक जण भरपेट जेवतो व दुसरा उपाशी राहतो, हे त्याला ख्रिस्ताच्या मंडळीचा अपमान वाटले. हे आम्ही अनेकदा प्रवचनात सांगितले आहे. चुलीजवळ उभे असताना सांगितले नाही. ते आम्हांस दाखवून दिले एका धर्मनिरपेक्ष विदुषीच्या काही पृष्ठांच्या लेखाने. चांगले वाङ्मय हे कार्य करते. म्हणूनच ते घरात असावे.

दोहोंत निवड करावी लागल्यास काय करावे? वारीचे समग्र चित्र हवे असणाऱ्याने 'पालखी' वाचावी. तिच्या तोडीचे दुसरे पुस्तक आम्हांस माहीत नाही. मोकाशी आवडल्यास तुकोबांवरील त्यांची 'आनंद ओवरी' ही कादंबरीही अवश्य घ्यावी. परंतु घरातील सर्वांनी एकत्र बसून, मोठ्याने वाचावयाचा असेल तर तो 'वाटचाल' हा लेख. अर्धा-पाऊण तास पुरेल. वाचून झाल्यावर त्या मुलीचा प्रश्न कोणी तरी पुन्हा एकदा उच्चारावा आणि मग थोडा वेळ कोणी बोलू नये.

त्या आजींना आम्ही हा लेख वाचून दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग पुढच्या यात्रेला चूल कोण मांडणार, फादर?" येत्या यात्रेस एकच चूल असावी, स्वयंपाकाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवावी आणि पहिल्या दिवसाची पाळी आमची असावी, असे आम्ही धर्मग्रामाच्या सभेत मांडले आहे. बहुतेकांनी मान डोलावली. दोन कुटुंबांनी अद्याप होकार दिलेला नाही. त्यांच्या घरी आम्ही या आठवड्यात जाणार आहोत, आणि जेवूनच परतणार आहोत.