‘कोविड योद्धा’ या संज्ञेची चिकित्सा : आशा स्वयंसेविकांच्या मानसिक आरोग्याच्या संदर्भात

‘कोविड योद्धा’ ही संज्ञा 2020 मध्ये शासकीय परिपत्रकांपासून चौकातील फलकांपर्यंत रूढ झाली. 22 मार्चला थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी वायुदलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. या गौरवामागील भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या दृष्टीने या संज्ञेची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. योद्ध्याने भ्यावे, थकावे, रजा मागावी याला तीत स्थानच नाही.

शासनाच्या उपाययोजनांवरही हीच छाया दिसते. मार्च 2020 मध्ये जाहीर झालेले 50 लक्ष रुपयांचे विमा संरक्षण निश्चितच महत्त्वाचे होते. मात्र ते मृत्यूनंतरचे होते. जिवंत राहून महिनोन्‌महिने झोप हरवलेल्या कर्मचाऱ्याचा त्यात विचार नव्हता. निम्हान्सची दूरध्वनी सेवा सुरू झाली, पण दूरध्वनी करण्याची उसंत आणि एकांत कर्मचाऱ्यानेच मिळवायचा होता.

‘कामाच्या ठिकाणी मानसिक आधार’ या कल्पनेत कामाचे ठिकाण गृहीत धरलेले असते. रुग्णालयातील परिचारिकेला निदान कक्ष असतो, सहकारी असतात. आशा स्वयंसेविकेचे कामाचे ठिकाण कोणते? नागपूरजवळील बुटीबोरीसारखे गाव या संदर्भात विचारात घ्यावे. एका बाजूस औद्योगिक वसाहत, परप्रांतीय मजुरांच्या भाड्याच्या खोल्या, आणि गावातूनच फुटणारे हैदराबाद व वर्धा मार्ग. अशा वस्तीत घरोघरी जाऊन ताप विचारणारी स्त्री त्याच वस्तीची रहिवासी असते. ज्या घराची माहिती ती वर कळवते, त्या घराशी तिचा उद्याही शेजार असतो. सप्टेंबर 2020 च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमापी व ऑक्सिमीटर घेऊन ती दारोदार फिरली. मोहिमेच्या नावातील ‘माझे कुटुंब’ मात्र तिच्या संसर्गाच्या भीतीने घरी धास्तावलेले होते. (नाव ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसावे.)

जून 2021 मध्ये राज्यातील सुमारे 70 हजार आशांनी संप केला. त्याकडे केवळ मानधनाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. 1000 रुपयांची वाढ व 500 रुपयांचा कोविड भत्ता मान्य होऊन संप मिटला. वस्तुतः कामावर आधारित मोबदला, ‘स्वयंसेविका’ हा दर्जा आणि मानसिक ताण या तीन बाबी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. आजारपणाची रजा नसलेल्या स्त्रीला समुपदेशकाने विश्रांतीचा सल्ला देणे म्हणजे एक दिवसाचे उत्पन्न सोडण्यास सांगणे होय. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला, तेव्हाही त्यांचा दर्जा ‘स्वयंसेविका’ हाच होता.

10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस सेवा सुरू झाली असून 14416 हा क्रमांक कोणासही उपलब्ध आहे. परंतु आशांना परस्परांना भेटण्याची, बोलण्याची नियमित जागा म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील बैठक. गटप्रवर्तकांना समुपदेशनाचे प्राथमिक प्रशिक्षण देऊन त्या बैठकीतील एक तास नोंदवह्यांऐवजी आशांच्या स्वतःच्या अनुभवांसाठी राखून ठेवणे आणि त्या तासाचाही मोबदला देणे, यास नवी इमारत वा नवे पद लागत नाही.