हौशी बाईचे फोटो

माझी भाची रेजायनाला असते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं हे शहर, चहूकडे सपाट गवताळ जमीन. तिथून दर रविवारी फोटो येतात. बर्फात लोळणारी मुलं, वाढदिवसाचा केक, कॅनोलाची पिवळीधमक शेतं आणि आभाळ. आभाळ तर भरपूर. आक्का, म्हणजे तिची आई, हे फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते आणि म्हणते, "हौशी आहे गं पोर."

गेल्या दिवाळीला भाची बेळगावला आली तेव्हा तिने माझ्यासाठी एक जाडजूड पुस्तक आणलं. डोना ल्यूसी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेलं, एव्हलिन कॅमेरॉन या बाईच्या फोटोंचं. रेजायनाहून सरळ दक्षिणेला सरहद्द ओलांडली की अमेरिकेतलं मोंटाना राज्य लागतं. गवत तेच, वारा तोच. तिथल्या टेरी नावाच्या लहानशा गावाच्या आसपास ही बाई राहिली आणि १८९४ पासून १९२८ मध्ये मरेपर्यंत फोटो काढत राहिली. "मावशी, ही पण माझ्यासारखीच हौशी," भाची म्हणाली. पुस्तक वाचून झालं आणि मला हा शब्दच खटकायला लागला. हा लेख त्या खटक्यातून आलाय.

एव्हलिनचा जन्म १८६८ चा, लंडनजवळच्या श्रीमंत घरातला. यूअन कॅमेरॉनशी तिचं लग्न ठरलं ते घरच्यांना फारसं रुचलं नाही. १८८९ मध्ये दोघं शिकारीसाठी मोंटानाला आले आणि पुढे तिथेच राहिले. पोलोसाठी घोडे वाढवायचे आणि इंग्लंडला विकायचे असा नवऱ्याचा बेत. तो बुडाला. यूअनचं मन खरं तर पक्ष्यांत होतं. पक्ष्यांवरचे त्याचे लेख चांगल्या नियतकालिकांत येत, पण त्यांवर घर चालत नव्हतं. मग बाईंनी पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले, भाजी पिकवून विकली, आणि अशाच एका पाहुण्याकडून कॅमेरा चालवायला शिकल्या. एका फोटोचे पंचवीस सेंट घेत. घोड्यावरून मैलोन् मैल जायचं, काचेच्या प्लेटा सांभाळत परत यायचं, गाईगुरांचं, चुलीचं सगळं उरकायचं आणि मग डेव्हलपिंगला बसायचं. पस्तीस डायऱ्या आहेत तिच्या. त्यांत रोजच्या कामांची नोंद आहे. दूध काढलं, भाकरी भाजली असल्या कामांच्याच रांगेत प्रिंट काढल्याचं लिहिलेलं असतं. वेगळ्या ओळीत नाही, वेगळ्या सुरात नाही.

आता हिला हौशी कसं म्हणायचं? पुरुषाने पैसे घेऊन फोटो काढले की तो फोटोग्राफर. बाईने काढले की ती हौशी, कारण तिचं खरं काम घर. आपल्याकडेही शिवणकाम करून चार मुलं शिकवलेल्या बाईबद्दल "तिला शिवणाची हौस होती" असंच म्हणतात. हौस हा गोड शब्द आहे, पण त्यात कष्ट बुडून जातात.

एव्हलिनचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे १९१२ मधला, जिम नावाच्या घोड्याच्या पाठीवर ती ताठ उभी आहे तो. तिचं नाव निघालं की हाच फोटो पुढे येतो. मला तो आवडत नाही असं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई घोड्यावर उभी राहून कॅमेऱ्याकडे शांतपणे बघतेय, कुणाला आवडणार नाही? पण त्याने तिची एक गोष्ट बनवून टाकली आहे. धाडसी बाई, रानटी पश्चिम, संपलं. मला त्याहून मोठा वाटतो तो १९०४ मधला स्वयंपाकघरातला फोटो. एव्हलिन पीठ मळतेय. तोही तिने स्वतःच स्वतःचा काढलेला. म्हणजे कॅमेरा लावायचा, प्रकाशाचा अंदाज घ्यायचा आणि मग पिठात हात घालायचे. घोड्यावरच्या फोटोत ती काय करू शकते ते दिसतं. या फोटोत ती रोज काय करत होती ते दिसतं. आणि असलं काम फोटो काढण्याच्या लायकीचं आहे, हे तिने त्या काळी ठरवलं. माझ्या आईने उभा जन्म भाकऱ्या थापल्या. तिचा पिठातल्या हातांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

आईचा आहे तो फोटो स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर जिना आणि कारंजं, बसायला स्टुडिओची खुर्ची. आमच्या पिढीच्या घराघरांत असे फोटो आहेत. आमचं खरं घर त्या पडद्यामागे झाकलं गेलं. एव्हलिनकडे पडदा नव्हता. ती कुटुंबाच्या दारात जाऊन त्यांना बाहेर उन्हात उभं करायची. ठेवणीतले कपडे, डोळे बारीक केलेले, मागे ओंडक्यांचं घर, आणि त्याच्याही मागे रिकामी जमीन. झाड नाही, कुंपण नाही, शेजार नाही. त्या सपाटीवर उभी असलेली माणसंच काय ती उंच. जमीन केवढी आणि आपण केवढे, हे त्या लोकांना ठाऊक असावं असं त्यांच्या उभं राहण्यावरून वाटतं. म्हणून तिचे नुसत्या दऱ्याखोऱ्यांचे फोटो सुंदर असले तरी माझ्या मनात राहिले नाहीत. तिची प्रेअरी मला दिसली ती एखाद्या आईच्या कडेवरच्या पोराच्या मागे.

तिला स्वतःला मूल नव्हतं. दुसऱ्यांच्या पोराबाळांचे क्षण तिने जपले, पण त्यांत लाडिकपणा नाही. मुलांना हसायला लावलेलं नाही.

यूअनच्या लेखांसाठी तिने गरुडांचे, घरट्यांचे फोटो काढले. शिकारीसाठी आलेली ही माणसं, त्यामुळे सुरुवातीला मी ती पानं भराभर उलटली. आमच्या घरात दिवेलागणीनंतर जेवत नाहीत, दिव्यावर किडा येऊन मरू नये म्हणून. माझा हात तिथे थांबणं कठीणच. पण घरट्यातल्या पिलांचे फोटो परत उघडून पाहिले. ते बंदुकीने मिळत नाहीत, तासन् तास वाट बघून मिळतात. एकाच घरात दोन्ही होतं, हे मान्य करावं लागतं.

आता माझी तक्रार. ही जमीन रिकामी दिसते ती रिकामी होती म्हणून नव्हे. एव्हलिन यायच्या तेरा वर्षं आधी, १८७६ मध्ये, याच मोंटानात लिटल बिगहॉर्नची लढाई झाली होती. लाकोटा आणि शायान लोकांनी ती जिंकली, तरी पुढच्या काही वर्षांत त्यांना राखीव भागांत कोंडलं गेलं. ज्या बायसनवर ते जगत, त्यांचे कळप १८८३ च्या सुमाराला कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी संपवले. नंतर १९०९ च्या कायद्याने एकेकाला ३२० एकर मिळू लागली आणि युरोपभरची गरीब कुटुंबं येऊन उतरली. एव्हलिनने टिपली ती या नव्यांची घरं. आधी तिथे कोण होतं हा प्रश्न या पुस्तकातल्या फोटोंना पडत नाही. ती एकटीच याला जबाबदार नाही, पण तिच्या नितळ क्षितिजाकडे बघून नुसतं "वा" म्हणणं मला जमलं नाही.

आणि त्या नव्यांचंही पुढे काय झालं? १९१७ पासून पाऊस फिरला. कर्ज, टोळ, उडून गेलेली माती. माणसं घरं टाकून निघून गेली. १९२० च्या दशकात लोकसंख्या घटलेलं अमेरिकेतलं मोंटाना हे एकच राज्य. दारात ठेवणीतले कपडे घालून उभी असलेली ती कुटुंबं डोळ्यांपुढे आणा. हे फोटो ती लोकं मायदेशी पाठवायची. आईबापांना कळावं, आम्ही बरे आहोत, घर बांधलंय, पोरं वाढताहेत. दुष्काळाचा फोटो मागवून कोण पंचवीस सेंट देणार? परदेशातून घरी येणारा फोटो खोटा नसतो, पण तो निवडलेला असतो, हे मला या पुस्तकाने शिकवलं.

यूअन १९१५ मध्ये गेला. ती इंग्लंडला परतली नाही, एकटीने रँच चालवली. तिच्यामागे हजारावर निगेटिव्ह आणि डायऱ्या तिची मैत्रीण जॅनेट विल्यम्स हिने तळघरात पन्नास वर्षं जपल्या. ल्यूसी यांना ते सगळं १९७० च्या दशकाच्या अखेरीला मिळालं. कुण्या संग्रहालयाने नव्हे, एका मैत्रिणीने जपलं. आज ते मोंटानाच्या ऐतिहासिक सोसायटीत आहे.

पुस्तक मिटल्यावर मी भाचीचे सात वर्षांतले फोटो पुन्हा पाहिले. शेकड्यांनी आहेत. भाची एकाही फोटोत नाही. काढणारी तीच ना! शिवाय ती तिथल्या इस्पितळात रात्रपाळी करते, त्याचाही कुठे मागमूस नाही. रविवारी फोनवर म्हटलं, "तुझा एक पाठव. ओट्यापाशी उभी असलेला, कणकेच्या हातांचा."

"मावशी, किचन सगळं पसरलंय गं."

"असू दे की."

"नको. आवरते आणि मग काढते," ती म्हणाली.

दोन रविवार झाले. अजून आभाळच येतंय.